मंगलाष्टकातली सायकल

८ एप्रिल १९७६, गुरुवार

आज कुमुदनं मला ऑर्डर दिली.

गेल्या पंचवीस वर्षांत निम्म्या औरंगाबादची मंगलाष्टकं मी लिहिली. त्यांतली बरीच जोडपी अजून एकत्र आहेत. त्याचं श्रेय मी घेत नाही, दोषही घेत नाही. साधारणतः वधूचा काका येतो, नातेवाइकांची नावं सांगतो, आणि 'आत्याबाईंचं राहिलं' म्हणून दुसऱ्या दिवशी परत येतो. वधूनं स्वतः येऊन, माझ्या एकुलत्या एक खुर्चीत पाय वर घेऊन बसून ऑर्डर देण्याची ही पहिलीच वेळ.

"काका, शेवटच्या कडव्यात बाबा पाहिजेत."

"घालू की. 'बद्रीनाथसुता' अशी सुरुवात केली तर शार्दूलविक्रीडिताला बोट लावायला जागा नाही."

"नाव नको. नाव भटजी घेतीलच. बाबा पाहिजेत. त्यांनी मला सायकल शिकवली ते घाला."

मी पेनात शाई भरत होतो. थोडी धोतरावर भरली गेली.

"पहाटे, आमखास मैदानावर," ती म्हणाली. "मागून सीट धरून पळायचे. पळताना तालात काहीतरी म्हणायचे, ते आठवत नाही, आवाज आठवतो. तेवढंच घाला. बाकी तुम्ही सासूबाईंना लक्ष्मी म्हणा नाहीतर सरस्वती, माझी हरकत नाही."

मुलगा बिडकीनचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. लग्न नऊ मेला. मी 'बघतो' म्हणालो. संपादकालाही मी 'बघतो' म्हणतो, तेव्हा बातमी मिळालेली नसते.

९ एप्रिल, शुक्रवार

झोप नीट नाही. वस्तुस्थिती लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

बद्रीनाथ आणि मी एकाच छापखान्यातले. माझं शिक्षण पैठणच्या पाठशाळेत. निजामाच्या राज्यात संस्कृत शिकलेल्या माणसाला श्राद्धाखेरीज गिऱ्हाईक नव्हतं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, कचेऱ्यांतली उर्दू गेली, मराठी पत्रं निघाली आणि ऱ्हस्व-दीर्घ येणाऱ्याला एकाएकी भाव आला. मी वार्ताहर झालो. त्याच सुमारास बद्रीनाथ पिशोरहून आला. त्याची शाळा उर्दूत झालेली. मराठी अक्षरांचे खिळे जुळवायला तो माझ्याकडून शिकला आणि शिव्या मी त्याच्याकडून.

मुलगी झाली तेव्हा त्यानं कापसाच्या भावाखाली उरलेल्या जागेत, कोणाला न विचारता, एक ओळ जुळवून टाकली: 'कन्यारत्न झाले. दोघी खुशाल.' कोणाची कन्या, कुठल्या दोघी, काही नाही. सकाळी अंक गावभर गेला. मालकांनी बोलावलं तर म्हणाला, "जागा फिजूल जात होती, साहेब." नाव कुमुद ठेवलं. मी म्हटलं वा, काव्यात्म आहे. तर म्हणाला, "'क' आणि 'म' आपल्याकडं भरपूर हायत."

एकोणसाठ सालच्या दसऱ्यानंतर त्याला कावीळ झाली. दिवाळी त्यानं पाहिली नाही. वय एकतीस. कुमुद तेव्हा पावणेपाच वर्षांची.

सायकल ती सहाव्या वर्षी शिकली.

सायकल तासावर मिळणारी, भाड्याची, बुटकी. सीट धरून पळणारा माणूस मी होतो, गटारात पडलेला माणूसही मीच. आणि तालात जे चाललं होतं ते 'म-स-ज-स-त-त-ग' होतं, म्हणजे मंगलाष्टकाच्या वृत्ताचे, शार्दूलविक्रीडिताचे गण. पायडल लयीत पडावं एवढाच हेतू.

तिच्याजवळ बापाच्या तीन आठवणी आहेत. पहिली ही सायकलीची. दुसरी दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारी भुयारात हात धरून नेल्याची. तोही हात माझाच होता, पलित्याच्या धुरानं दोघेही खोकत बाहेर आलो होतो. तिसरी शाईच्या वासाची. ती तरी बद्रीनाथची असावी. अर्थात छापखान्यात वास सगळ्यांना सारखाच लागतो.

बातमी चुकीची आली की खुलासा छापायचा, हा आमचा धंदा. हा खुलासा छापला तर बापाजवळ उरतं काय?

केवळ कुतूहल म्हणून पाहिलं. 'सायकल' हा शब्द या वृत्तात एकाच जागी बसतो, सात अक्षरं सोडून: 'बापाने शिकवून सायकल ती…'

बसला. बसायला नको होता.

११ एप्रिल, रविवार

संध्याकाळी वहिनींकडे मुलाचे चुलते आले होते, याद्या करायला. वहिनी म्हणजे बद्रीनाथची बायको, आशाबाई. खडकेश्वराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. नवरा गेल्यापासून शिवणाच्या मशीनवर घर चालवलं. चुलत्यांचं नावच कारभारी, आणि नाव वाया जाऊ न देणारा माणूस. भाव ठरवताना बैलाच्या दातांकडे बघतात तसे ते प्रत्येकाकडे बघत होते.

"हे कोण म्हणायचे?" त्यांनी वहिनींना विचारलं, माझ्याकडे बघत.

"ह्यांचे दोस्त. छापखान्यातले."

"दोस्त जाऊन सतरा वर्षं झाली म्हणता."

"व्हय."

"दोस्ती लई टिकाऊ दिसती."

शेजारच्या आवडाबाई दारात उभ्या होत्या. आवडाबाई नेहमीच दारात असतात. त्यांना घर आहे हे मी ऐकीव माहितीवर मानतो. त्या म्हणाल्या, "काका लई करतात हो ह्या घरासाठी." मदत करायच्या हेतूनं म्हणाल्या. वहिनी चहा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

मग मंगलाष्टकाचा विषय निघाला. कुमुदनंच काढला. कारभारी म्हणाले, "बाप गेला त्याचं वाईट हायच. पण अक्षता पडताना गेलेल्या माणसाचा विषय नको. बरं दिसत नाय."

मी म्हणालो, "कारभारी, देवक बसवताना भटजी देवांनंतर सगळ्यांत आधी आवतण कोणाला देतात?"

"कुणाला?"

"पितरांना. तुमच्या हातात अक्षता पडायच्या आधी ते मांडवात येऊन बसलेले असतात. आणि त्या दिवशी त्यांचं नाव नांदीमुख, म्हणजे आनंदी तोंडाचे. लग्नात सुतकी तोंड करायला त्यांनाही परवानगी नाही."

"तुम्ही शास्त्री का पेपरवाले?"

"पगार पेपरचा मिळतो."

त्यांनी पान लावलं, चघळलं. "घाला मग. पण रडकं नको. बाया रडल्या की पंगती लांबतात."

कुमुदनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खटला जिंकला. मी जिंकलेला खटला असा: जी गोष्ट घडली नाही, ती मांडवात म्हणायची परवानगी.

१४ एप्रिल, बुधवार

बातमी नाही. सध्या आणीबाणी, बातम्या वरूनच शिजून येतात, आपण फक्त वाढायच्या. पैठण गेटपर्यंत गेलो, परत आलो. काही घ्यायचं होतं असं वाटलं, पुन्हा गेलो. सुपारी घेतली. मी सुपारी खात नाही.

१७ एप्रिल, शनिवार

पिशोरला जाऊन आलो. मृत्युलेख लिहिताना घरच्यांना भेटायचं असतं. सतरा वर्षं उशीर झाला म्हणून नियम मोडत नाही. बद्रीनाथच्या नावावर काहीतरी खरं सापडलं तर सायकलीची गरज पडणार नाही, असा माझा मनसुबा.

त्याची थोरली बहीण साळूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "कोण, बामनाचा मधू का? म्हातारा झालास की रं. लगीन केलंस का नाय?"

"राहून गेलं, अक्का."

"राहून जातंय व्हय? लगीन म्हणजे काय दळण हाय?"

मी विषय बदलला. कुमुदच्या लग्नाचं सांगितलं, ते तिला ठाऊकच होतं. मग हळूच विचारलं, बद्रीनाथ सायकल कशी चालवायचा.

ती इतकी हसली की टरफलं सांडली. "बद्री? सायकल? अरं त्यो बैलगाडीत बी मधोमध बसायचा, कडंला बसला तर पडंन म्हनून. कुणी सांगितलं तुला?"

"असंच, कोणीतरी."

"त्याला म्हनावं, तू पेपरात लिवतोस का?"

म्हणजे उरलीसुरली शक्यताही गेली. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात ती शेंगा बाजूला सारून म्हणाली, "पोरीवर मात्र जीव होता हां. लई जीव. मी बघितलंय ना."

कुमुद आठव्या महिन्यात झाली, पौषातल्या थंडीत, मांजराच्या पिल्लाएवढी. मग वहिनींना ताप भरला, दोन महिने त्या दवाखान्यातच. म्हणून साळूबाई शहरात जाऊन राहिली होती. दवाखान्यातली बाई म्हणाली, लेकराला ऊब पाहिजे, अंगाची ऊब. बद्रीनाथची रात्रपाळी. सकाळी घरी यायचा, हातपाय घासून घासून धुवायचा, बंडीच्या आत लेकरू छातीवर घ्यायचा, वरून घोंगडी, आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. दिवसभर तसाच. संध्याकाळी पुन्हा पाळीवर.

"मी म्हनलं, बद्री, जरा आडवा व्हय. तर म्हने, अक्का, आडवा झालो तर झोपंत कूस बदलंन अन् लेकरू चेंगरंल. भिंत बदलू देत नाय कूस. सगळा पूस अन् सगळा माघ असाच बसून झोपला बघ त्यो. रथसप्तमीला पोरीनं पयल्यांदा जोरात भोकाड पसरलं, तवा ह्यो हसला."

मी वहीत काही टिपलं नाही. सवयीनं पेन्सिल काढली होती, ती हातातच राहिली.

निघताना ती म्हणाली, "लग्नाला मी येनार. पोरीला तिच्या बापाचं सगळं सांगनार."

"सगळं नको, अक्का. सायकलीचं नको."

"का रं?"

मी पिशवीचे बंद आवळत राहिलो. तोपर्यंत एसटी आली. एसटी वेळेवर येण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे, त्यांतला हा.

१८ एप्रिल, रविवार

त्या हिवाळ्यात बद्रीनाथची मान आखडलेली असायची. खिळ्यांच्या पेटीवर वाकला की सरळ व्हायला त्याला वेळ लागायचा. मी त्याचं नाव 'वक्रग्रीव' ठेवलं होतं. त्याला अर्थ सांगितल्यावर तो खूश झाला. म्हणाला, संस्कृतात सगळंच भारी वाटतं. मान का आखडते ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वार्ताहर दुसऱ्यांच्या गावी जाऊन प्रश्न विचारतो.

तर आता असं आहे. कुमुदला जे आठवतं ते बद्रीनाथनं केलं नाही, आणि बद्रीनाथनं जे केलं ते तिला आठवणं शक्य नाही.

छातीवरचं कडवं लिहायचं ठरवलं तरी सायकलीचं काय? तिनं सायकल मागितली आहे. गिऱ्हाइकाला दुसराच माल बांधून देणं आमच्या आळीत चालतं, पण उघडल्यावर गिऱ्हाईक परत येतं.

२१ एप्रिल, बुधवार

वहिनींनी आवडाबाईंच्या हाती निरोप पाठवला, म्हणजे गल्लीला आधी कळलं, मग मला. गेलो. दार नेहमीसारखं सताड उघडं. मी तिकडे पंधरा वर्षं संध्याकाळीच जातो, आणि दार उघडंच असतं. आधी पहाटे जायचो. मध्येच एकदा त्या म्हणाल्या होत्या, संध्याकाळचं येत जा. का ते मी तेव्हाही विचारलं नव्हतं.

मशीनवर कुमुदचं पोलकं होतं. त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, एक मागायचंय."

"मागा."

"मला भाऊ नाय. लग्नात पोरीच्या मागं मामा लागतो. तुम्ही उभे राहा."

मी पोलक्याच्या बाह्या मोजल्या, दोन भरल्या.

"कारभारी दोनदा विचारून गेले, हे कोण म्हणून. तिकडं पोरीला कुणी बोलायला नको. मामा म्हणून चारचौघांत उभे राहिलात म्हणजे पुढं कुणाला विचारायचं कामच पडणार नाय."

शास्त्राची हरकत नाही. मानलेला मामा चालतो. भाऊजीचा भाऊ करणं हा व्याकरणाच्या दृष्टीनं केवळ एका 'जी'चा लोप आहे. मी 'हो' म्हणालो. म्हणताना पायांतली वहाण सारखी करत होतो, ती सारखीच होती.

मग त्या सुईत दोरा ओवायला लागल्या. ओवला जाईना. "कुमुदनं सायकलीचं सांगितलं असंल."

"सांगितलं."

"ते मीच तिच्या डोक्यात घातलंय."

मशीनवर बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. सहा वर्षांची पोर गल्लीभर सांगत सुटली होती, काका पहाटे येतात, काका सायकल शिकवतात. आवडाबाईंनी दारात उभं राहून गोड आवाजात विचारलं, पहाटेचं येतात व्हय? "त्या दिवशी मी पोरीला म्हणलं, काकांनी नाय, बाबांनी शिकवली तुला. तू लहान होतीस, तुला नीट आठवत नाय. रोज म्हणायचे. दौलताबादचं बी तसंच. दोन-चार महिन्यांत पटलं तिला. लेकरांना पटतं."

"बरोबर केलंत."

"बरोबर कसलं." दोरा ओवला गेला, त्यांनी तो पुन्हा काढला. "तिचा बाप तिच्यासाठी काय करायचं ते करायच्या आत गेला. म्हणलं, तुमचं थोडं त्याच्या नावावर टाकावं. तुमच्याकडं लई होतं."

आवडाबाई दारातून म्हणाल्या, "चहा टाकलाय का, आशाबाई?"

चहा घेऊन आलो. साखर घातलेली होती की नाही, आठवत नाही.

२७ एप्रिल, मंगळवार

पहिली सात कडवी झाली. गणपती, कुलदैवत, दोन्हीकडचे आजे, कारभारी (यांना 'धुरंधर' म्हटलं आहे, खूश होतील, आणि खोटंही नाही), मास्तर मुलगा, विद्या, संसार. एका बैठकीत. ही सात कडवी मी झोपेतही लिहू शकतो, आणि काही लग्नांत ती तशीच लिहिलेली आहेत.

आठवं राहिलं आहे.

३ मे, सोमवार

झालं. चार ओळींपैकी या दोन मला बऱ्या वाटतात:

छातीशी धरुनी तुला निजविले, बापे बसूनी दिवा,
त्याची ऊब तुझ्या जिवास अजुनी, कुर्यात् सदा मंगलम्

'दिवा' म्हणजे इथं संस्कृतातलं 'दिवसा'. मांडवातले लोक समई समजतील. समजोत, प्रकाश पडल्याशी कारण.

सायकल घातलेली नाही. खोटं लिहिलं नाही, आणि खुलासाही छापला नाही. सायकल जिथं आहे तिथं राहू दे, तिच्या आठवणीत, बापाच्या हातात. कोणी विचारलं तर वृत्तात बसत नाही म्हणेन. वृत्त म्हणजे छंद आणि वृत्त म्हणजे बातमी. ती दोन्हीकडे बसायला अवघड आहे. हे वाक्य लिहून मला फार समाधान वाटलं, म्हणजे त्यात काहीतरी गडबड असणार.

८ मे, शनिवार

उद्यासाठी तयार बांधलेला फेटा आणायला सांगितला होता. डोक्यावर बसत नाही. मामाचं माप वेगळं असतं की काय.

साळूबाई दुपारच्या गाडीनं आली. तिला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं: सायकल नाही. तिनं कानाला हात लावला. हा होकार की नकार, मला समजलं नाही.

९ मे, रविवार

सगळं क्रमानं लिहितो.

मांडव गल्लीतच होता. मी कुमुदला पाटावर आणून उभी केली आणि मागं उभा राहिलो. वधूच्या मागं उभ्या राहिलेल्या माणसाला तिच्या पाठीवरची वेणी आणि मुंडावळ्यांची गाठ एवढंच दिसतं. अंतरपाट धरला. भटजींनी त्यांची दोन कडवी म्हटली, मग मला खूण केली. मी तिथूनच, तिच्या मागूनच म्हणायला सुरुवात केली. सात कडवी कोणी ऐकली नाहीत. मंगलाष्टकं ऐकण्यासाठी नसतातच, अक्षता कधी टाकायच्या ते कळण्यासाठी असतात. 'धुरंधर' आलं तेव्हा कारभारींनी मात्र मिशीवर हात फिरवला.

आठवं सुरू केलं. 'छातीशी धरुनी तुला निजविले' इथं यती आहे, क्षणभर थांबायचं असतं. थांबलो. तेवढ्या शांततेत बायकांमधून साळूबाई मोठ्यानं म्हणाली, "बसूनच झोपायचा गं, खरं हाय." कोणी हसलं नाही. कुमुदची मान थोडी वळली, मग भटजींनी दटावल्यासारखं केलं आणि ती सरळ झाली. पुढची ओळ मी कशी म्हटली ते मला सांगता येत नाही. सूर चुकला असणार, कारण बँडवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. बाया रडल्या. पंगती लांबल्या.

पाठवणीच्या वेळी जीप दाराशी लागली होती. कुमुद सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापाशी आली.

"ते छातीवरचं खरं आहे, काका?"

"विश्वसनीय गोटातून कळलेलं आहे. साळूबाई प्रत्यक्षदर्शी आहेत."

"मला कोणीच कधी सांगितलं नाही."

"मलाही मागच्या महिन्यातच कळलं."

ती हिरव्या बांगड्या मागं-पुढं करत होती. "सायकल नाही घातलीत."

"वृत्तात बसली नाही."

"बसते. सात अक्षरं सोडून. लघु-गुरू तुम्हीच शिकवलेत मला."

मी उगीच घड्याळाकडे पाहिलं.

"आत्या म्हणते, बाबांना सायकल येतच नव्हती."

साळूबाई मागून म्हणाली, "तिनं इचारलं म्हनून सांगितलं. मी आपनहून नाय सांगितलं."

"मग मागून धरून कोण पळत होतं?"

तिनं हळू विचारलं होतं, पण पाठवणीच्या वेळी सगळे जवळच उभे असतात. कारभारी होते, मास्तर होता, आवडाबाई तर होत्याच. जीपचा डायव्हरसुद्धा काच खाली करून बघत होता. माझ्यापाशी चार-पाच उत्तरं तयार होती. या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर उत्तराशिवाय बोलता येतं. "मुहूर्त टळतोय, बसून घे" असं मी म्हणायला लागलो.

वहिनी मध्येच म्हणाल्या, "भाऊजींनी शिकवली. मी तुला खोटं सांगितलं होतं."

आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. पदर डोक्यावर सारखा केला आणि कारभारींकडे सरळ बघितलं. कारभारींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. कर्ता तृतीयेत, क्रियापद कर्माप्रमाणे. सकाळपासून, सगळ्या गल्लीच्या साक्षीनं, मी त्यांचा भाऊ होतो. त्यांनी 'भाऊजींनी' म्हटलं. ही नजरचूक असेल. एवढ्या धावपळीत माणसाचं लक्ष राहत नाही.

कुमुद माझ्याकडे बघत राहिली. मग खाली वाकली, पुन्हा पाया पडली. एकदा पडून झाली होती. मी तिला तसं सांगितलंही.

त्यानंतर मी छत्री शोधायला आत गेलो. बराच वेळ शोधत होतो. मे महिना आहे, छत्री मी आणलीच नव्हती.